‘त्याचं प्रारब्ध’ म्हणण्याआधी

 

या वेळचा विषय जरा वेगळा आहे. गोदामात होणारे अपघात, आणि त्यातही फोर्कलिफ्टचे. काही जणांना वाटेल, हा काय सत्संगाचा विषय आहे का? आम्हालाही कुणी दोन वर्षांपूर्वी हे सांगितलं असतं तर हसू आलं असतं. पण विषय आम्ही शोधायला गेलो नाही, तो आपल्या कुटुंब-गटातच चालत आला.

गेल्या पावसाळ्यात एका गटावर बातमी आली. हायवेवरच्या गोदामात काम करणारा तेवीस वर्षांचा मुलगा, मागे येणारी फोर्कलिफ्ट आणि मालाचा रॅक यांच्यामध्ये सापडून गेला. आपल्याच एका ताईंच्या घरी वरच्या खोलीत तो भाड्याने राहत असे, म्हणून त्यांनी कळवलं. दहा मिनिटांत खाली जोडलेल्या हातांच्या ओळी लागल्या. त्यात निम्म्याअधिक जणांनी एकच लिहिलं होतं, ‘त्याचं प्रारब्ध.’ कुणी लिहिलं, ‘तेवढंच आयुष्य घेऊन आला होता.’ मग थोड्या वेळाने कुणीतरी एकादशीच्या साबुदाणा वड्यांचा फोटो टाकला आणि गट पुढे सरकला.

लिहिणाऱ्यांचं मन वाईट नव्हतं. मृत्यूपुढे शब्द सुचत नाहीत तेव्हा आपण हाताशी असलेला शब्द उचलतो, आणि आपल्या घरांत हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या हाताशीच असतो. तरीही आमच्या गटातल्या तीन-चार जणींना तो टोचत राहिला. प्रारब्ध आहे की नाही, हा आमचा प्रश्न नाही. ते आहे, असंच आम्ही मानतो. प्रश्न असा की, दुसऱ्याच्या मरणाबद्दल हा शब्द उच्चारायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आणि तो उच्चारला की आपण नेमकं काय बघायचं थांबवतो?

आधी ही फोर्कलिफ्ट म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण आपल्यातल्या बऱ्याच बायकांनी ती लांबूनच पाहिली असेल. पुढे दोन लांब लोखंडी पट्ट्या, त्या मालाच्या लाकडी पॅलेटखाली घालायच्या आणि माल उचलून वर रॅकवर ठेवायचा. दिसायला छोटी, ट्रॅक्टरच्या धाकट्या भावासारखी. पण पुढे उचललेल्या मालाने ती तोंडावर पडू नये म्हणून तिच्या पाठीत जड लोखंड भरलेलं असतं. दोन-अडीच टन उचलणारं यंत्र स्वतःच साडेतीन-चार टनांच्या आसपास असतं, म्हणजे तीन-चार छोट्या मोटारी एकत्र. तिची मागची चाकं वळतात, पुढची नाही. त्यामुळे वळण घेताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि जवळ उभ्या माणसाला वाटतं आपण लांब आहोत, पण नसतो. समोर उंच माल असला की चालवणाऱ्याला पुढचं दिसत नाही, म्हणून त्याने गाडी मागे मागे चालवायची असते, मान वळवून. दिवसाचे आठ-दहा तास मान वळवून! विजेवर चालणारी असेल तर आवाजही फारसा येत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला कळली तेव्हा अंगावर काटा आला. गाडी कलंडायला लागली की माणूस जीव वाचवायला बाहेर उडी मारतो. ही उपजत बुद्धी आहे, कुणालाही होईल. पण तीच घात करते, कारण डोक्यावरचं जे लोखंडी छत त्याच्या रक्षणासाठी असतं तेच त्याच्यावर येऊन पडतं. म्हणून बसून चालवायच्या गाडीत पट्टा बांधून राहायचं, चाक घट्ट धरायचं आणि पडण्याच्या उलट बाजूला झुकायचं, असं शिकवावं लागतं. मुद्दाम शिकवावं लागतं. नुसतं बघून ते येत नाही.

आमचा गट इथल्या सरकारी दवाखान्यात रुग्णांच्या नातेवाइकांना खिचडी आणि ताक द्यायला जातो, हे आपणास माहीत आहे. हाडांच्या वॉर्डात मकरपुरा, सावली, हालोल या बाजूंचे कामगार नेहमी दिसतात. पायाच्या पंजावरून चाक गेलेलं, बोटं पॅलेटखाली चेंगरलेली, रॅकवरून खोका खांद्यावर आलेला. आम्ही मराठीत विचारतो, ते हिंदीत किंवा भोजपुरीत सांगतात, मध्ये गुजराती येतं आणि सगळं कळतं. ‘तुला कुणी शिकवलं चालवायला?’ या प्रश्नावर एकाने उत्तर दिलं होतं, ‘देख देख के सीख गया, आंटी.’ तो मुळात हेल्पर होता. चालवणारा सुट्टीवर गेला, शेठ म्हणाले तू बस, आणि तो बसला. ‘नाही’ म्हणाला असता तर दुसऱ्या दिवशी दुसरा हेल्पर असता.

आता पुन्हा त्या मुलाकडे येऊ. त्याचे दोन सोबती पुढे ताईंकडे त्याचं सामान न्यायला आले. चहा पिता पिता जे बोलले ते असं. त्या ओळीतली ट्यूब गेले कित्येक दिवस बंद होती. माणसांनी चालायची आणि गाड्यांनी जायची वाट वेगळी आखलेलीच नव्हती. गाडीचा मागे येतानाचा भोंगा बिघडला होता, आणि चालू असायचा तेव्हाही ऑफिसातल्या लोकांना त्रास होतो म्हणून तो बंद करायला लावत. शेवटचा ट्रक सातच्या आत निघायचा होता. चालवणाऱ्याची ती सलग दुसरी पाळी होती.

आपण गीतेचे वर्ग करतो. अठराव्या अध्यायात, चौदाव्या श्लोकात, कोणतंही कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं म्हणजे साधनं, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. आपण हे पाठ म्हणतो, परीक्षेत लिहितो, बक्षीसही घेतो. त्या दिवशी ताईंच्या ओट्यावर बसून आम्ही ही पाच नावं त्या अपघातावर ठेवून पाहिली. अधिष्ठान म्हणजे ती जागा, अंधारी, वाट न आखलेली. कर्ता म्हणजे दुसऱ्या पाळीला थकलेला चालवणारा. साधन म्हणजे ती गाडी, भोंगा नसलेली. चेष्टा म्हणजे ती घाई, ते मागे येणं, सातच्या आतलं सगळं. चार झाली. यानंतर दैव. आपण गटावर काय केलं? चार ओलांडून थेट पाचव्यावर उडी मारली.

दैव यादीत आहे, ते कुणी नाकारत नाही. सगळं जुळून आलं असताही तो मुलगा एक पाऊल मागे असता, त्याचा मोबाइल वाजला असता, तर वाचला असता. ते ‘असता’ म्हणजे दैव. पण ट्यूब बदलणं हे दैवाच्या खात्यातलं काम नाही, ते इलेक्ट्रिशियनचं आहे.

अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने, नायोशने, १९८० ते १९९४ या काळातले फोर्कलिफ्टने झालेले १,०२१ मृत्यू तपासले. त्यात २२ टक्के गाडी कलंडून, २० टक्के पायी चालणाऱ्याला गाडीची धडक बसून, १६ टक्के गाडीमुळे चेंगरून आणि ९ टक्के गाडीवरून पडून. हे वाचलं तेव्हा आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका ताई म्हणाल्या, ‘एवढ्या लांबच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांचं प्रारब्ध अशा चार ढिगांत कसं काय पडतं हो?’ आम्हाला उत्तर सुचलं नाही. ज्याचा ढीग करता येतो त्याला कारण असतं, आणि कारण असतं तिथे बऱ्याच वेळा उपायही असतो. तिथे पुढे १९९९ मध्ये चालवणाऱ्याला रीतसर प्रशिक्षण देण्याचा आणि दर तीन वर्षांनी तरी त्याची पुन्हा परीक्षा घेण्याचा नियम आला. अठरा वर्षांखालच्या मुलाला तर बसूच देत नाहीत. तिथेही अपघात संपलेले नाहीत, हेही खरं.

आपल्याकडेही हा विचार काल-परवाचा नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात, १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यातच धोक्याच्या यंत्राला कुंपण घालण्याची तरतूद होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याआधी आठवड्याचे सातही दिवस राबणं हेच कामगाराच्या नशिबी आहे असं मानणारे थोडे नसतील. आज आपण रविवारी सकाळी सामुदायिक ध्यानाला बसतो, ती सुट्टी अशी मिळालेली आहे.

आपल्या स्वयंपाकघरात तर आपण दैवाला अजिबात पुढे बसवत नाही. कुकरला शिट्टीखेरीज वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. ज्याने तो बसवला त्याने आधीच धरून ठेवलं होतं की एखाद्या दिवशी बाई विसरेल, शिट्टीत डाळ अडकेल, पाणी कमी पडेल. बाई विसरली म्हणून तिचा जीव जाऊ नये, एवढीच त्यामागची दया. गोदामातल्या माणसाबद्दल मात्र आपण म्हणतो, ‘लक्ष नको का द्यायला?’ आठ तास यंत्रांच्या मधून चालणारा माणूस एकदाही चुकणार नाही असं धरून जे गोदाम चालवतात त्यांना आम्ही निष्काळजी म्हणणार नाही, निर्दय म्हणू.

अशा अपघातानंतर बहुतेक वेळा एकटा चालवणारा धरला जातो. पोलिसांतही त्याचंच नाव, ऑफिसातही. गीतेत त्या पाच कारणांनंतर लगेच म्हटलंय की इतकं असूनही जो एकट्यालाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही. तिथला अर्थ आत्म्याविषयीचा आहे, खूप खोलचा आहे, हे आम्ही जाणतो. पण तेवढ्यापुरतं सांगायचं तर त्या मुलावर गाडी घालणारा माणूसही एकवीस-बावीसचाच आहे, आणि ऐकतो की अजून रात्री झोपत नाही. त्याच्यासाठी गटावर कुणीही हात जोडले नव्हते.

आता अवघड भाग. आपल्या परिवारात फक्त कामगारांच्या शेजारी राहणारे नाहीत. ठेकेदार आहेत, व्यापारी आहेत, गोदामं भाड्याने देणारे आहेत, सुपरवायझर दादा तर कितीतरी. उत्सवात तेच सगळ्यात आधी पावती फाडतात आणि त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. त्यांच्यापैकी एकांनी फार प्रामाणिकपणे विचारलं, ‘कर्मसिद्धांत खरा धरला तर त्याला ते भोगायचंच होतं. आम्ही नसतो तर दुसरं कुणी निमित्त झालं असतं. मग आमचा दोष किती?’

या प्रश्नावर आम्ही बरेच दिवस बोललो. आपण संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग शिकलो आहोत. त्या मुलाच्या बाजूने बघितलं तर ते प्रारब्ध असेल. पण तीच घटना ट्यूब न बदलणाऱ्याच्या बाजूने बघितली तर ते त्याचं क्रियमाण आहे, आत्ता, ताजं, स्वतःच्या हाताने केलेलं किंवा न केलेलं. एकाच घटनेला दोन टोकं आहेत आणि आपण नेहमी मेलेल्याच्या टोकाने ती उचलतो. दुसऱ्याच्या वाट्याला दुःख यायचंच असेल असं क्षणभर धरू. तरी त्याचं निमित्त होण्याची आज्ञा मला कुणी दिली? ज्याला आतून कळलंय की कर्म परत येतं, त्याने तर इतर कुणाहीपेक्षा जास्त घाबरून ट्यूब बदलायला हवी. कर्मसिद्धांत मानणारा माणूस न मानणाऱ्यापेक्षा बेफिकीर निघत असेल, तर तो सिद्धांत फक्त दुसऱ्यांसाठी वापरतोय असं म्हणावं लागेल.

आणि पैशाचं. अपघातानंतर घरच्यांच्या हातात काही रोकड ठेवायची, गावी पाठवून द्यायचं, आणि त्या महिन्यात आश्रमात अन्नदान करायचं, असं घडलेलं आम्ही ऐकलं आहे. अन्नदान थोर आहे. पण ते कामगाराच्या विधवेच्या हक्काच्या पैशातून होऊ शकत नाही. भरपाई हे दान नसून देणं आहे. १९२३ च्या भरपाई कायद्यापासून आपल्या देशात तत्त्व असं आहे की काम करताना, कामामुळे अपघात झाला तर मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही, भरपाई द्यावीच लागते. दारू प्यायला होता किंवा मुद्दाम नियम मोडला, ही सबबसुद्धा मृत्यू झाला असेल तर चालत नाही. ‘तो आमचा नाही, ठेकेदाराचा माणूस’ असं म्हणूनही सुटका नाही. मुख्य मालकाने आधी द्यायचं, मग ठेकेदाराकडून वसूल करायचं. आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही तरतूद सामावली आहे. ज्याचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्याचं ईएसआयमध्ये नाव आहे, त्याला कामावर इजा झाली तर वर्गणी किती महिने भरली हे बघत नाहीत, आणि मृत्यू झाला तर घरच्यांना पगाराच्या नव्वद टक्क्यांच्या हिशेबाने निवृत्तिवेतन वाटून मिळतं. पण त्यासाठी नाव नोंदलेलं हवं. वॉर्डात आम्ही कार्ड विचारतो तेव्हा बरेच जण मान हलवतात, आणि ती मान आडवी हलते.

आपल्या घाईविषयीही थोडं. नवरात्र-दिवाळीच्या सेलच्या दिवसांत गोदामांत तात्पुरती माणसं भरतात, चार दिवस शिकवून किंवा न शिकवता. त्या पाच कारणांतल्या ‘चेष्टा’ या चौथ्या कारणात रात्री दहाला मागवलेली आणि सकाळी हवी असलेली आपली तांब्याची पणतीही कुठेतरी बसते का? आमच्यात यावर एकमत झालं नाही. एक वहिनी म्हणाल्या, आपण मागवलं नाही तर त्या मुलांना कामच मिळणार नाही. हेही खोटं नाही. फोर्कलिफ्टबद्दलही तसंच. तिच्यामुळे हमालाच्या पाठीवरचं क्विंटलचं पोतं उतरलं, हे उपकार विसरून चालणार नाही. पाठ वाचली, आता बाकीचा माणूसही वाचावा, एवढंच मागणं आहे.

हा मजकूर गटावर टाकण्याआधी आम्ही एका ज्येष्ठ काकांना वाचून दाखवला. ते थोडे रागावले. म्हणाले, ‘उद्या तुम्ही म्हणाल प्रारब्ध मानूच नका. मग दुःखात माणसाने धरायचं काय?’ काकांचा मुद्दा मोठा आहे. त्या मुलाची आई दाहोदकडच्या गावाहून आली होती. ताईंच्या जिन्यात बसून ती पुन्हा पुन्हा ‘मारा नसीब’ म्हणत होती. ती म्हणत होती तेव्हा तो शब्द खरा होता, तिला त्याचा आधार होता, आणि त्यावर एक अक्षरही बोलायची आमची हिंमत नाही. ज्याच्यावर कोसळलं त्याच्या तोंडी हा शब्द औषध आहे. सुपरवायझरच्या तोंडी तोच शब्द म्हणजे बंद केलेली फाइल. एकच शब्द, पण कुणाच्या ओठांवर आहे त्यावर त्याचं पुण्य ठरतं. काका गप्प राहिले. मग म्हणाले, ‘ट्यूब लावली का त्यांनी?’

लावली. त्या सोबत्यांपैकी एकाने ताईंना सांगितलं, पंधरा दिवसांनी लावली. वाट अजून आखलेली नाही. पिवळ्या रंगाचा एक डबा लागेल, आणि एक रविवार.

या महिन्यापासून वॉर्डात आम्ही खिचडीबरोबर एक छोटी वही नेतो. ‘धीर धरा, देवाची मर्जी’ असं म्हणायचं आम्ही ठरवून थांबवलं आहे. त्याऐवजी विचारतो, गाव कुठलं, मुलं कुणाजवळ आहेत, ठेकेदार येऊन गेला का, अपघाताची नोंद झाली का, कार्ड आहे का. ज्यांच्याकडे नाही त्यांची नावं आपल्यातले एक वकील दादा दर शुक्रवारी घेऊन जातात. ज्या साधकांची स्वतःची गोदामं किंवा ठेके आहेत आणि ज्यांना आपल्याकडच्या माणसांची ईएसआयची नोंदणी करून घ्यायची आहे, पण कागदपत्रांची धास्ती वाटते, त्यांनीही याच दादांशी बोलावं. ते पैसे घेत नाहीत. फक्त चहा लागतो, आणि तो बिनसाखरेचा.